गल्ल्यात कॅश, बँकेत ठेव: वेबसाइटच्या वेगामागच्या १८ खमंग गोष्टी

किराणा दुकानात तुम्ही ८७ रुपयांचं सामान घेता आणि शंभराची नोट पुढे करता. दुकानदार गल्ला ओढतो, तेरा रुपये काढतो, तुमच्या हातावर ठेवतो. दोन सेकंदांचं काम. तेरा रुपयांसाठी तो बँकेत जाऊन रांगेत उभा राहत नाही. पण महिन्याची कमाई गल्ल्यात टाकून दुकान बंद करून घरीही जात नाही. सुटे गल्ल्यात, ठेव बँकेत. हा शहाणपणा आपल्याकडच्या प्रत्येक दुकानदाराला न शिकवता येतो.

वेबसाइटचंही तेच आहे. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस ही तिची बँक. खरा हिशोब तिथे, डिस्कवर, पक्का. आणि त्या बँकेच्या शेजारी असतो रॅममध्ये चालणारा गल्ला: रेडिस, मेमकॅशडी किंवा त्यांचं एखादं भावंड. सारखं सारखं लागणारं सगळं तिथे, हाताशी. या गल्ल्याच्या गोष्टी इतक्या मजेदार आहेत की संगणकाशी फारसा संबंध नसलेल्यांनीही ऐकाव्यात.

१. देवनागरीत दोन्ही ‘कॅश’ एकच!

इंग्रजीत पैशांची कॅश वेगळी आणि संगणकाची कॅश वेगळी. स्पेलिंग निराळं, उच्चार मात्र तोच. संगणकाच्या कॅशचं मूळ ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात. पैशांची कॅश आली ‘पेटी’ या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे मुळात कॅश म्हणजे पैसे नव्हेत, पैशांची पेटी. थोडक्यात, गल्लाच! १९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी मोठ्या संथ मेमरीशेजारी छोटी वेगवान मेमरी ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हा तिला त्यांनी ‘स्लेव्ह मेमरी’ म्हटलं होतं. पुढे आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्राबरोबर ‘कॅश’ हा शब्द रूढ झाला. देवनागरीत लिहिताना दोन्ही कॅश सारख्याच दिसतात, आणि अर्थानेही बरोबर बसतात.

२. एक सेकंद की अठ्ठावीस तास?

रॅममधून एक वस्तू उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून उचलायला ढोबळमानाने १०० मायक्रोसेकंद. जुन्या फिरत्या डिस्कवर योग्य जागा शोधायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. हे आकडे इतके बारीक आहेत की फरक जाणवतच नाही. म्हणून सगळे एका पटीत फुगवून पाहू. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला जवळपास १७ मिनिटं लागतील. फिरत्या डिस्कला? सुमारे २८ तास!

नॅनोसेकंद डोळ्यांनी दाखवायची युक्ती अमेरिकी नौदलाच्या ग्रेस हॉपर यांची. त्या व्याख्यानांत साधारण ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटायच्या आणि सांगायच्या की वीज किंवा प्रकाश एका नॅनोसेकंदात फार तर एवढंच अंतर कापू शकतो.

३. खरा वेळ जातो तो वाटेत

वरच्या गणितात एक आकडा राहिला. एकाच डेटा सेंटरमधल्या दोन मशीनमध्ये निरोप जाऊन उत्तर परत यायला अर्धा मिलिसेकंद धरतात. आपल्या फुगवलेल्या मापात तो होतो ८३ मिनिटं. म्हणजे गल्ला उघडायला एक सेकंद, पण गल्ल्यापर्यंत जाऊन यायला सव्वा तासाहून जास्त! म्हणून जाणती मंडळी रेडिसला एकेक वस्तू मागत नाहीत. ‘एमगेट’ या आज्ञेने दहा वस्तू एका फेरीत आणतात, किंवा पाइपलाइन लावून अनेक आज्ञा एकदम धाडतात. साखर आणायला एक फेरी, चहापत्तीला दुसरी, असं घरी कोणी करतं का?

फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०१३ साली लिहिलेल्या शोधनिबंधात नोंद आहे की त्यांचं एक लोकप्रिय पान उघडताना मेमकॅशमधून सरासरी ५२१ वेगवेगळ्या वस्तू आणाव्या लागत. एकेक करून आणल्या असत्या, तर पान उघडेपर्यंत वाचणारा निघून गेला असता.

४. तांदूळ घरात असणं आणि भात तयार असणं

डेटाबेसही रॅम वापरतोच. मायएसक्यूएलच्या इनोडीबीचा बफर पूल आणि पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स, दोन्ही काही न बदलता वापरले तर १२८ मेगाबाइटचे असतात, आणि मोठ्या सर्व्हरवर ते कितीतरी वाढवतात. मग वेगळा गल्ला कशाला?

कारण डेटाबेसच्या मेमरीत कच्चा माल असतो. प्रश्न समजून घ्यायचा, चार तक्ते जोडायचे, क्रम लावायचा, बेरजा करायच्या, हे काम दर वेळी नव्याने होतं. कॅशमध्ये मात्र तयार उत्तर असतं. घरात तांदूळ आहेत म्हणून भात लगेच ताटात येत नाही. तो आधी शिजवलेला असावा लागतो.

५. रिकाम्या मेमरीची भिशी

मेमकॅशडी जन्मलं २००३ साली, ‘लाइव्हजर्नल’ या लोकांच्या डायऱ्यांच्या साइटसाठी. तिचा कर्ता ब्रॅड फिट्झपॅट्रिक. साइट जोरात वाढत होती, डेटाबेस दमत होता, आणि इतर मशीनमध्ये थोडी थोडी रॅम रिकामी पडून होती. प्रत्येकाची थोडी शिल्लक एकत्र केली तर मोठी रक्कम होते, हे भिशी लावणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. फिट्झपॅट्रिकने मेमरीची तशी भिशी लावली. पहिली आवृत्ती पर्ल भाषेत होती. मग वेगासाठी ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली.

यातली खरी गंमत अशी की मेमकॅशडीचे सर्व्हर एकमेकांना ओळखतच नाहीत! कुठली वस्तू कुठल्या सर्व्हरवर ठेवायची, हे मागणाराच गणिताने ठरवतो.

६. सिसिलीतला गल्ला

रेडिसचा जन्म २००९ सालचा, इटलीच्या सिसिली बेटावरचा. साल्वातोरे सानफिलिप्पो यांची एक छोटी सेवा होती. तुमच्या साइटवर या क्षणी कोण काय पाहतंय हे ती थेट दाखवायची. प्रत्येक साइटसाठी शेवटच्या काही भेटींची यादी ठेवायची: नवी भेट वर चढली की सर्वांत जुनी खाली गळाली. काम साधं, पण मायएसक्यूएलला ते इतक्या झपाट्याने झेपेना. मग त्यांनी रॅममध्येच याद्या सांभाळणारा सर्व्हर लिहिला. टीसीएल भाषेतली त्याची पहिली प्रत अवघ्या तीनेकशे ओळींची होती. नाव पडलं ‘रिमोट डिक्शनरी सर्व्हर’, त्याचंच रेडिस. मेमकॅशडी म्हणजे नुसता डबा: ठेवा आणि काढा. रेडिसच्या गल्ल्यात मात्र नाण्यांना वेगळा खण, नोटांना वेगळा: याद्या, संच, गुणांनुसार लावलेले संच, सगळं तयार.

७. ६३७९ मध्ये दडलेली नटी

रेडिसचा पोर्ट क्रमांक ६३७९. जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या बोटांना हा आकडा पाठ आहे. बटणांचा जुना मोबाइल आठवा: ६ वर ‘एम’, ३ वर ‘ई’, ७ वर ‘आर’, ९ वर ‘झेड’. झालं ‘मेर्झ’! आलेसिया मेर्झ ही इटालियन टीव्हीवरची तारका. तिच्या आडनावावरून सानफिलिप्पो आणि त्यांच्या मित्रांच्या बोलण्यात एक शब्द रुळला होता, आणि पोर्ट ठरवताना तोच कामी आला.

८. एकच खिडकी, म्हणून चूक नाही

रेडिस आज्ञा एकामागून एक पाळतं. एका वेळी एकच. एवढ्या वेगवान वस्तूला एकच खिडकी, हे ऐकून नवखा चक्रावतो. पण बळ त्यातच आहे. एका फोटोला ४१ लाइक आहेत आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं असं धरा. डेटाबेसमधून ४१ वाचायचे, एक मिळवायचा, पुन्हा लिहायचे, असं दोघांनी बरोबरीने केलं तर दोघेही ४२ लिहून मोकळे होतात आणि एक लाइक हरवतो. रेडिसला ‘इन्कर’ म्हटलं की वाचणं आणि वाढवणं एकाच दमात होतं. आधी ४२, मग ४३. भांडण नाही, कुलूप नाही.

याच खिडकीचा धोकाही ध्यानात ठेवा. चालू साइटवर ‘कीज’ ही आज्ञा चांदणीसकट दिली, तर रेडिस लाखो नावं वाचत बसतं आणि मागची सगळी रांग खोळंबते. त्यासाठी ‘स्कॅन’ आहे. ती थोडं वाचते, खिडकी मोकळी करते, परत येते.

९. आधी गल्ला, मग बँक

गल्ला आणि बँक मिळून काम कसं करतात, हे जवळून पाहू. पुस्तकांच्या दुकानाची साइट आहे, आणि एका पुस्तकाच्या पानाची चावी आहे ‘पुस्तक:४२१’. कुणी पान उघडलं की साइट आधी रेडिसला विचारते. सापडलं तर ‘हिट’, थेट उत्तर. नाही सापडलं तर ‘मिस’: मग डेटाबेसकडे जायचं, उत्तर आणायचं, त्याची एक प्रत रेडिसमध्ये ३०० सेकंदांच्या मुदतीने ठेवायची, आणि वाचकाला पान दाखवायचं. पुढची पाच मिनिटं त्या पुस्तकासाठी डेटाबेसला कोणी हलवत नाही.

आता यातलं सगळ्यात सुंदर गणित. त्या पानावर सेकंदाला हजार जण येत असतील, तर फक्त एका सेकंदाची मुदतही पुरते! हजार प्रश्नांऐवजी डेटाबेसला सेकंदाला एकच प्रश्न जातो. एक सेकंद जुनी माहिती बहुतेक पानांना सहज चालते.

१०. किंमत बदलली, आता काय?

पुस्तकाची किंमत ३५० वरून ३०० केली. डेटाबेसमध्ये बदल झाला, रेडिसमध्ये मात्र अजून ३५० पडलेत. गिऱ्हाईक जुनी किंमत पाहतंय. नेटस्केपमधले इंजिनिअर फिल कार्लटन यांचं एक वचन या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी आहे: संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, शिळी कॅश वेळेवर काढणं आणि नावं ठेवणं.

यावर कामाला येणारा नियम असा: आधी डेटाबेसमध्ये नवी किंमत लिहा, मग रेडिसमधली चावी पुसून टाका. तिथे नवी किंमत लिहायला जाऊ नका. दोघांनी एकाच वेळी किंमत बदलली, तर कोणाची नोंद रेडिसमध्ये शेवटी पोचेल याचा नेम नाही, आणि जुनी किंमत तिथे ठाण मांडून बसू शकते. पुसून टाकलं की पुढचा वाचक बँकेतून ताजी आणतो.

११. मुदत संपली तरी माल फळीवर

‘टीटीएल’ ही आज्ञा देऊन एखाद्या चावीचं आयुष्य किती उरलंय ते विचारता येतं. पडद्यावर २९८, थोड्या वेळाने पुन्हा विचारलं की २९१, मग २८० असे आकडे उतरताना बघायला मजा येते. उणे १ आलं तर चावीला मुदतच नाही. उणे २ आलं तर चावीच नाही.

पण मुदत संपली त्याच क्षणी चावी पुसली जाते असं नाही. कुणी ती मागितली की रेडिस तारीख बघतं आणि तेव्हा फेकतं. शिवाय सेकंदाला दहा वेळा ते मुदतवाल्या चाव्यांमधून मूठभर उचलून तपासतं आणि संपलेल्या काढतं. फळीवरचा अख्खा माल रोज न तपासता मधूनमधून हात घालून शिळं काढण्याची ही रीत.

आणि गल्ला भरला तर? मेमकॅशडी सांगितल्याशिवायच जुनं काढून नव्याला जागा देतं. रेडिस मात्र, घालून दिलेली मर्यादा गाठल्यावर काय करायचं हे तुम्ही सांगितलं नसेल, तर नवं लिहायला सरळ नकार देतं. ही सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या.

१२. दार उघडताच लोंढा

लोकप्रिय पानाची मुदत संपते त्या क्षणी हजार जणांना एकदम ‘मिस’ मिळतो आणि हजारच्या हजार डेटाबेसवर तुटून पडतात. फेसबुकने यावर ‘लीज’ काढलं. पहिल्याला टोकन द्यायचं: तू जाऊन उत्तर घेऊन ये. बाकीच्यांना सांगायचं: क्षणभर थांबा, येतंच आहे. त्यांच्या निबंधातल्या चाचणीत डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आला. छोट्या साइटसाठी याहून सोपा उपाय आहे: सगळ्या चाव्यांना नेमकी ३०० सेकंदांची मुदत न देता कुणाला २८०, कुणाला ३२० द्या. सगळ्यांची सुट्टी एकदम होणार नाही.

१३. अडीच तासांचा धडा

२३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं. कारण वाचून आजही अंगावर काटा येतो. कॅशमधली चुकीची सेटिंग आपोआप दुरुस्त करणारी एक यंत्रणा होती. त्या दिवशी चुकीचं मूल्य मूळ साठ्यातच गेलं. प्रत्येक मशीनला कॅशमधलं मूल्य चूक दिसे, म्हणून ती डेटाबेसला विचारी. डेटाबेस दमून चूक परतवी. मशीन ती चूक पाहून कॅशमधली चावी पुसे, आणि पुन्हा विचारी. भोवरा थांबेचना. शेवटी डेटाबेसला श्वास घ्यायला मिळावा म्हणून अख्खी साइटच बंद करावी लागली. गल्ला बँकेचं ओझं कमी करण्यासाठी असतो; रचना चुकली तर तोच बँकेवर मोर्चा नेतो.

१४. कोट्यवधींची मोजदाद, १२ किलोबाइटमध्ये

आज साइटवर वेगवेगळी माणसं किती आली? प्रत्येकाचं नाव लिहून ठेवायचं तर मेमरी संपेल. रेडिसमधली ‘हायपरलॉगलॉग’ ही युक्ती जास्तीत जास्त १२ किलोबाइटमध्ये कोट्यवधींचा अंदाज देते, आणि तिची प्रमाणित चूक अवघी ०.८१ टक्के! कल्पना अशी: एखाद्याने नाणं उडवत बसून सलग तीनदा छापा पडल्याचं सांगितलं, तर त्याने थोडाच वेळ उडवलं असेल. सलग वीसदा म्हणाला, तर नक्कीच खूप वेळ. सलग पडलेल्या छाप्यांवरून एकूण किती वेळा नाणं उडवलं याचा अंदाज येतो. या आज्ञांची नावं ‘पीएफ’ने सुरू होतात. ही अद्याक्षरं फ्रेंच गणिती फिलिप फ्लाजोले यांची. त्यांच्या संशोधनाचा असा मान ठेवलेला पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

१५. सुट्टे बांधले आणि १६ जीबी वाचले

इन्स्टाग्रामच्या सुरुवातीच्या काळात ३० कोटी फोटोंसाठी एकच नोंद हवी होती: हा फोटो कोणाचा? प्रत्येक फोटोला रेडिसमध्ये स्वतंत्र चावी दिली तर हिशोब २१ जीबीच्या आसपास जात होता, आणि हाताशी असलेल्या मशीनला ते जड होतं. मग त्यांनी हजार हजार फोटोंचे गठ्ठे बांधले. फोटो क्रमांक ११५५३१५ असेल तर तो गठ्ठा क्रमांक ११५५ मध्ये. रेडिस छोटे गठ्ठे फार दाटीवाटीने साठवतं, त्यामुळे तोच माल ५ जीबीच्या आत मावला. नवं यंत्र नाही, नवा खर्च नाही. फक्त सुटी नाणी कागदात गुंडाळून ठेवली.

१६. तुमच्या टाइमलाइनचे ८०० मणी

ट्विटरच्या इंजिनिअरांनी २०१२-१३ च्या सुमारास सांगितलेली रचना: प्रत्येक सक्रिय वाचकाची टाइमलाइन रेडिसमध्ये आधीच ओवून ठेवलेली, त्यात सुमारे ८०० ट्विटांचे क्रमांक. तुम्ही ट्विट केलं की त्याचा क्रमांक तुमच्या प्रत्येक फॉलोअरच्या माळेत जायचा. वाचणारे लिहिणाऱ्यांपेक्षा खूप जास्त, म्हणून लिहिताना कष्ट घ्यायचे आणि वाचताना वेळ वाचवायचा. पण कोट्यवधी फॉलोअर असलेल्या ताऱ्याने एक ओळ लिहिली तर कोट्यवधी माळा उघडाव्या लागतात! लग्नाची पत्रिका घरोघर जाऊन देणं पन्नास घरांना ठीक. अख्ख्या राज्याला द्यायची तर वर्तमानपत्रात जाहिरात बरी.

१७. तत्काळचे दहा वाजले

सकाळी दहाच्या ठोक्याला एसी तत्काळ, अकराला नॉन-एसी. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढायला बसलेल्या चाकरमान्याला त्या दोन मिनिटांची किंमत कुणी सांगायला नको. भारतीय रेल्वेच्या ई-तिकिटांची नवी यंत्रणा २०१४ साली आली. तिच्यात जेमफायर हा रॅममध्ये चालणारा डेटा साठा वापरला होता, आणि यंत्रणेची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर गेली. चीनच्या रेल्वेची १२३०६ ही तिकीट साइटही सणासुदीच्या गर्दीसाठी याच जेमफायरकडे वळली होती. जागा आहे का, किती आहेत, हे पाहणारे लाखो. तिकीट खरोखर निघणार मोजक्यांचं. पाहणाऱ्यांना गल्ल्यातून उत्तर, आणि जागेची पक्की नोंद बँकेत: अशा गर्दीत हीच विभागणी तग धरते.

१८. गल्ल्याला कुलूप लावा

गल्ला दुकानाच्या आत असतो, फुटपाथवर नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. हल्लेखोरांनी वापरले ते जगभर इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅशडी सर्व्हर. यूडीपीने चिमूटभर प्रश्न पाठवायचा, त्यावर पाठवणाऱ्याचा म्हणून गिटहबचा पत्ता घालायचा, आणि सर्व्हर ढीगभर उत्तर तिकडे फेकणार. ही वाढ कमाल ५१,००० पटींची मोजली गेली होती! नंतर मेमकॅशडीने यूडीपी मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली. रेडिसही ३.२ आवृत्तीपासून पासवर्ड नसेल तर बाहेरच्यांना दाराबाहेर ठेवतं.

दुसरा प्रसंग २० मार्च २०२३ चा. चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्याच लोकांच्या गप्पांची शीर्षकं दिसली. चूक रेडिसशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीत होती. मागणी अर्ध्यात रद्द झाली, तिचं उत्तर त्याच जोडणीवर पडून राहिलं, आणि पुढच्याला ते मिळालं. पार्सलच्या काउंटरवर एकाने टोकन सोडून निघून जावं आणि त्याचं पार्सल मागच्याच्या हाती पडावं, तसं.

जाता जाता, थोडी चिल्लर

• रेडिसला ‘पिंग’ म्हणा, ते ‘पाँग’ म्हणतं. सर्व्हर जिवंत आहे का, हे बघायची जगातली सगळ्यात गोड रीत.

• रेडिसमधलं एक साधं मूल्य ५१२ मेगाबाइटपर्यंत असू शकतं. मेमकॅशडीत, काही न बदलता, १ मेगाबाइट. आणि चावीचं नाव फार तर २५० बाइट.

• रेडिसच्या समूहात सगळा माल बरोबर १६,३८४ खणांत वाटला जातो.

• रेडिस ५ मध्ये ‘लोलवट’ ही आज्ञा आली. ती दिली की पडद्यावर चौकोनांचं चित्र उमटतं: वर शिस्तीत, खाली विस्कटत जाणारं. संगणक-कलेतले अग्रणी गेओर्ग नेस यांच्या ‘श्कोटर’ या कृतीला दिलेली ती दाद आहे.

• रॅम वीज गेली की कोरी होते, पण रेडिसला आठवण ठेवायला सांगता येतं. ते मधूनमधून पूर्ण चित्र डिस्कवर काढतं, किंवा प्रत्येक बदल वहीत उतरवतं. ती वही दर सेकंदाला पक्की करायची ठेवली, तर अपघातात साधारण एका सेकंदाचंच नुकसान.

• मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलला. त्याच महिन्यात जुन्या मुक्त प्रतीवरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ उभं राहिलं. २०२५ मध्ये रेडिस ८ ने पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला. काही वर्षांपूर्वी रेडिसचं काम सोडून विज्ञान कादंबरी लिहिणारे सानफिलिप्पोही परतले.

आणि एक काम तुमच्यासाठी

तुम्ही वेबसाइट बांधत असाल, तर या आठवड्यात एवढं कराच. चालू साइटवर नव्हे, चाचणीच्या मशीनवर रेडिसला ‘फ्लशऑल’ म्हणा. म्हणजे अख्खा गल्ला उलटा करा. मग साइट उघडून बघा. पानं थोडी सावकाश आली आणि काही मिनिटांत पुन्हा पळू लागली, तर तुमची बांधणी उत्तम आहे. पण कुणाची मागवलेली ऑर्डर दिसेनाशी झाली, कुणाचे पैसे भरल्याची नोंद सापडेना, तर समजा की ठेव गल्ल्यातच राहिली होती. ती आजच बँकेत हलवा. गल्ल्याने दुकान पळतं, पण दुकान उभं असतं ते बँकेतल्या पक्क्या हिशोबावर.